‘पेरिक्लुतोस’ची दलील आता पुरे

रबिउल अव्वल उजाडला की सीरतच्या जलशांत एक दलील हमखास ऐकू येते. बायबलमध्ये आपल्या प्रेषितांचे (स.) नाव होते, असे वक्ता सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीक शब्द ‘पेरिक्लुतोस’ होता, त्याचा अर्थ ‘अहमद’, आणि पाद्र्यांनी दोन-तीन अक्षरे फिरवून त्याचे ‘पाराक्लेतोस’ केले. लगेच नारा-ए-तकबीर. मंडपातल्या हजार माणसांत ग्रीक येणारा एकही नसतो. वक्त्यालाही येत नसते. दुसऱ्या दिवशी ती क्लिप मोबाइलवर फिरते आणि तिसऱ्या दिवशी नववीतला एखादा मुलगा ती आपल्या ख्रिस्ती वर्गमित्राला ऐकवतो.

माझे म्हणणे सरळ आहे. ही दलील खोटी आहे, आणि ती आपण वापरणे बंद केले पाहिजे. प्रेषितांवर (स.) माझी श्रद्धा कमी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. एखाद्याच्या ग्रंथात फेरफार झाल्याचा आरोप हा साक्षीचा मामला आहे, आणि साक्ष कशी द्यावी हे आपल्याला शिकवलेले आहे. त्या नववीतल्या मुलाचाही विचार करा. आज ना उद्या त्याला कोणीतरी जाणकार भेटेल, किंवा तो स्वतःच दोन मिनिटांत इंटरनेटवर शोधेल. हे खोटे निघाले की त्याच मंचावरून ऐकलेल्या बाकी गोष्टींबद्दल तो काय समजेल?

आता शब्दाकडे येऊ. मी भाषेचा शिक्षक आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार.

‘पाराक्लेतोस’ हा शब्द नव्या करारात पाच वेळा येतो. चार वेळा योहानाच्या शुभवर्तमानात (१४:१६, १४:२६, १५:२६, १६:७) आणि एकदा योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१). अरबी-उर्दू किताबांत हाच शब्द ‘फारकलीत’ म्हणून येतो. आज आपण त्याला नाम समजतो, पण घडणीने तो विशेषण आहे, आणि तेही धातूपासून बनलेले. ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे, त्याला ‘-तोस’ प्रत्यय लागून ‘क्लेतोस’ म्हणजे बोलावलेला, आणि आधी ‘पारा’ म्हणजे बाजूला, शेजारी. एकूण अर्थ : आपल्या बाजूला बोलावून घेतलेला. मराठीत ‘निवडलेला’, ‘नेमलेला’ ही रूपे जशी बनतात, तसाच प्रकार. उर्दूवाल्यांसाठी सांगायचे तर हा ‘मदऊ’सारखा इस्म-ए-मफऊल आहे. विशेषणाचे नाम होणे आपल्यालाही नवीन नाही. ‘थोरला कुठे गेला?’ असे विचारताना ‘मुलगा’ शब्द कुणी जोडत नाही.

बाजूला कशासाठी बोलावलेला? मुख्यतः अडचणीच्या वेळी, आणि त्यातही न्यायाच्या दारात. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस इ.स.पू. ३४३ मधल्या एका खटल्याच्या भाषणात आरोपीच्या बाजूने रदबदली करायला जमलेल्या लोकांसाठी हाच शब्द वापरतो. येशूंच्या (अ.) काळात अलेक्झांड्रियात राहणारा यहुदी विद्वान फिलो यानेही तो मध्यस्थ या अर्थाने वापरला आहे. यहुद्यांच्या हिब्रू-अरामीतही ‘पराक्लीत’ असा तो रुळला, अर्थ तोच, कैवार घेणारा. लॅटिनवाल्यांनी त्याचा तुकड्या-तुकड्याने तर्जुमा केला, ‘अ‍ॅड्व्होकातुस’, म्हणजे पुन्हा ‘कडे बोलावलेला’. आपल्या कोर्टातले अ‍ॅडव्होकेट तिथलेच. आणि आपला ‘वकील’? तो अरबीतला ‘फईल’ वजनाचा शब्द, पण अर्थ मफऊलचा : ज्याच्याकडे काम सोपवले गेले आहे तो. ‘कतील’ म्हणजे मारणारा नव्हे, मारला गेलेला, तसेच हे. ग्रीक, लॅटिन, अरबी, तिन्ही भाषांनी कैवार घेणाऱ्याचे नाव कर्तरी नव्हे तर कर्मणी रूपातून घडवले, ही मला फार मजेची गोष्ट वाटते.

मग इंग्रजी किंग जेम्स बायबलमधला ‘कम्फर्टर’, म्हणजे सांत्वन करणारा, कुठून आला? ‘पाराकालेओ’ या क्रियापदाला धीर देणे, सांत्वन करणे असाही अर्थ आहे, आणि तो पुढे या शब्दालाही चिकटला. पण घडणीच्या दृष्टीने सांत्वन करणाऱ्याला वेगळे कर्तरी नाम होते, ‘पाराक्लेतोर’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ईयोबाच्या (आपल्या हजरत अय्यूब यांच्या) सांत्वनाला आलेल्या मित्रांसाठी ते आले आहे. किंग जेम्समध्ये शुभवर्तमानात ‘कम्फर्टर’ आणि पत्रात ‘अ‍ॅडव्होकेट’ अशी फाटाफूट आहे, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला दोन्हीकडे एकच शब्द आहे हे कळतच नाही. मराठी बायबलने दोन्ही ठिकाणी ‘कैवारी’ ठेवले आहे. या बाबतीत आपले मराठी बायबल त्या नामांकित इंग्रजी तर्जुम्यापेक्षा सरस आहे, आणि हे सांगायला मला संकोच नाही.

आता दुसरा शब्द. ‘पेरिक्लुतोस’ हा खराखुरा ग्रीक शब्द आहे, कोणी बनवलेला नाही. तो होमरच्या महाकाव्यांत भेटतो. तिथे लोहारकाम करणाऱ्या हेफाइस्टोस देवाला आणि नावाजलेल्या गायकाला तो लावलेला आहे. ‘पेरि’ म्हणजे सभोवार, ‘क्लुतोस’ म्हणजे ऐकलेला. भाषाशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल की ग्रीक ‘क्लुतोस’ आणि संस्कृत ‘श्रुत’ ही एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत, आणि ‘पेरि’ म्हणजे आपला ‘परि’. म्हणजे ‘पेरिक्लुतोस’ला संस्कृत पेहराव चढवला तर ‘परिश्रुत’ होईल. मराठीत ‘विश्रुत’, ‘विख्यात’, उर्दूत ‘मशहूर’. कीर्ती चहूकडे ऐकू गेलेला.

मशहूर म्हणजे अहमद नव्हे. ‘अहमद’ ह-म-द या धातूतून आला आहे, आणि हम्द म्हणजे स्तुती. मशहूर तर फिरऔनही होता! स्तुत्य, प्रशंसनीय यासाठी ग्रीकमध्ये ‘आइनेतोस’ हे सरळसाधे विशेषण आहे आणि जबूरच्या, म्हणजे स्तोत्रसंहितेच्या, ग्रीक भाषांतरात ते ईश्वरासाठी आलेले आहे. योहानाला ‘अहमद’ ग्रीकमध्ये आणायचे असते तर हा शब्द हाताशी होता. होमरच्या काव्यातला भरजरी शब्द त्याने का उचलावा? त्याची ग्रीक अगदी साधी आहे, शब्दसंग्रह मोजका. शिवाय ‘पेरिक्लुतोस’ नव्या करारात इतरत्र कुठेही येत नाही.

आणि ‘अहमद’चे तरी व्याकरण आपण कुठे नीट पाहतो? तो ‘अफअल’ वजनाचा इस्म-ए-तफजील आहे, अकबर, असगर, अफजल यांच्यासारखा. त्यातून दोन अर्थ निघतात : सर्वांत जास्त हम्द करणारा, किंवा सर्वांत जास्त प्रशंसनीय. जुन्या मुफस्सिरांनी दोन्ही नोंदवले आहेत. ‘प्रशंसा केला गेलेला’ हा कर्मणी अर्थ खरे तर ‘मुहम्मद’ या रूपाचा. तेव्हा ‘-तोस’ प्रत्ययाचे कर्मणी विशेषण ‘अहमद’शी हुबेहूब जुळते, हे म्हणणे ग्रीकच्या बाजूने लंगडे आणि अरबीच्याही बाजूने लंगडे.

तरीही कोणी म्हणेल, दोन शब्द दिसायला किती सारखे आहेत! दिसतात, पण कुणाला? उर्दू-अरबी लिपीत वाचणाऱ्याला. आपल्या लिपीत ह्रस्व स्वर लिहिले जात नाहीत. जेर, जबर, पेश वाचणाऱ्याने मनातून घालायचे असतात. त्यामुळे ‘बरकलीतस’सारखी अक्षरे समोर आली की ती कशीही वाचता येतात. ग्रीक लिपी तशी नाही. तिच्यात स्वर हे स्वतंत्र अक्षर असते आणि ते लिहावेच लागते. ‘पारा’चे ‘पेरि’ करायला दोन अक्षरे बदलावी लागतात, ‘क्ले’चे ‘क्लु’ करायला तिसरे. मराठी वाचकाला हे एका उदाहरणात पटेल : ‘पराक्रम’ आणि ‘परिक्रमा’. फरक नुसता स्वरांचा. पण आमच्या वर्गातला सगळ्यांत आळशी विद्यार्थीसुद्धा शिवरायांच्या परिक्रमेबद्दल निबंध लिहीत नाही.

बरे, चुकून नव्हे तर मुद्दाम बदलले असे धरू. मग पुरावा हस्तलिखितांत हवा. योहानाच्या शुभवर्तमानाचे ‘पपायरस ६६’ नावाचे हस्तलिखित साधारण इ.स. २०० च्या सुमाराचे मानतात. सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखले जाणारे दोन मोठे ग्रंथ चौथ्या शतकातले. सगळीकडे ‘पाराक्लेतोस’. लॅटिन आणि सिरियाकमध्ये तर तो शब्द ध्वनीसकट उचललेला आहे. ‘पेरिक्लुतोस’ असलेले एकही हस्तलिखित कुठेही नाही. तिसऱ्या शतकात इराकच्या भूमीत मानी नावाच्या धर्मसंस्थापकाने ‘तो पाराक्लेत मीच’ असा दावा केला होता. त्याच्याआधी मोन्तानुसच्या पंथाने असेच काहीसे मांडले होते. दावेदारांना जो शब्द माहीत होता तो हाच. हे सगळे प्रेषितांच्या (स.) जन्माच्या दोनशे ते चारशे वर्षे आधीचे. तेव्हा इजिप्त, सिरिया, रोम इथले एकमेकांशी भांडणारे पंथ, अजून जन्मही न झालेल्या प्रेषितांचे नाव दडवण्यासाठी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने, प्रत्येक प्रतीत, पाच-पाच जागी तीन-तीन अक्षरे बदलत होते?

फेरफार सिद्ध कसा होतो, याचा नमुना त्याच ग्रंथसंग्रहात आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) स्वर्गातल्या तिघा साक्षीदारांचे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा यांचे, एक वाक्य जुन्या छापील बायबलांत असे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आपल्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, १५२२ मध्ये घातले. आज ख्रिस्ती विद्वान स्वतःच ते नंतरची भर मानतात आणि बहुतेक आधुनिक भाषांतरांनी ते काढून टाकले आहे. मौलाना रहमतुल्लाह कैरानवी १८५४ मध्ये आग्र्याच्या मुनाजऱ्यात पादरी फांडर यांच्यासमोर बसले, तेव्हा त्यांच्या सोबत डॉ. वजीर खान होते आणि युरोपीय बायबल-समीक्षकांची पुस्तके होती. समोरच्याचे कागद वाचून ते आले होते. आज आपण त्यांचे नाव घेतो आणि मेहनत मात्र टाळतो.

आता ती कसोटी, जी आपल्यापैकी कुणी करून पाहत नाही. शब्द बदलला असेल तर पाचही जागी मूळ शब्द बसवून वाचा. योहानाच्या पत्रात (२:१) म्हटले आहे की कुणाच्या हातून पाप घडले तर पित्याजवळ आपला एक पाराक्लेतोस आहे, आणि तो येशू ख्रिस्त. इथे कैवारी हाच अर्थ बसतो. पाप झाले, कैवारी हवा. ‘पेरिक्लुतोस’ घाला : पाप झाले तर पित्याजवळ आपला एक मशहूर आहे. याला काही अर्थ आहे? आणि ‘अहमद’ घातले तर ते नाव येशूंना (अ.) लागते. म्हणजे दलील देणाऱ्याच्याच अंगावर उलटते. पाचातल्या चारच जागी फेरफार झाला असे म्हणायचे असेल, तर तेही उघड म्हणा आणि का ते सांगा.

अब्दुल्लाह युसुफ अली साहेबांनी १९३० च्या दशकात लाहोरहून निघालेल्या आपल्या इंग्रजी तर्जुम्यात सूरह सफच्या सहाव्या आयतीखाली टीप देऊन ही दलील घरोघरी पोचवली. आधी पाद्री असलेल्या अब्दुल अहद दाऊद यांनी तिच्यावर प्रकरणे लिहिली. त्यांच्या नियतीवर मला शंका नाही. पण बुजुर्गांनी लिहिले म्हणून व्याकरण बदलत नाही.

इथे ख्रिस्ती प्रचारकांचाही हिशेब करायला हवा, कारण व्याकरणाची ओढाताण तेही करतात. त्यांची आवडती दलील अशी : ग्रीकमध्ये ‘न्यूमा’ म्हणजे आत्मा हा शब्द नपुंसकलिंगी, तरी योहान त्याच्यासाठी ‘एकेइनोस’, म्हणजे ‘तो’, असे पुल्लिंगी सर्वनाम वापरतो. व्याकरण मोडून त्याने आत्मा ही व्यक्ती आहे, त्रैक्यातली तिसरी, हे दाखवले. आणि गंमत अशी की आपले वक्ते तेच सर्वनाम उचलून उलटे सिद्ध करतात : पुल्लिंगी ‘तो’ आहे, म्हणजे येणारा आत्मा नव्हे, हाडामांसाचा पुरुष, अर्थात प्रेषित (स.).

दोन्ही बाजू एकाच खड्ड्यात पडल्या आहेत. ‘एकेइनोस’ पुल्लिंगी आहे कारण ‘पाराक्लेतोस’ पुल्लिंगी आहे. बस्स, इतकेच. १४:२६ मध्ये ‘न्यूमा’शी जोडलेले संबंधी सर्वनाम नपुंसकलिंगीच आहे आणि नंतरचे ‘एकेइनोस’ वाक्याच्या कर्त्याकडे, पाराक्लेतोसकडे, परत जाते. १४:१७ मध्ये आत्म्याबद्दलची सर्वनामे निमूटपणे नपुंसकलिंगी आहेत. कुठेही काही मोडलेले नाही. डॅनियल वॉलेस हे अमेरिकेतले इव्हँजेलिकल व्याकरणकार, स्वतः त्रैक्य मानणारे. त्यांनीच २००३ मध्ये लेख लिहून सांगितले की या सर्वनामावरून आत्म्याचे व्यक्तित्व सिद्ध होत नाही. आपल्या बाजूला असा एखादा लेख कुणी लिहिला तर त्याला काय म्हणतील, याचा मी अंदाज करू शकतो.

लिंग शब्दाला असते, वस्तूला नव्हे. मराठीत ‘ती व्यक्ती आली’ म्हणतो आणि येतो दाढीवाला. ‘खलीफा’ शब्दाच्या शेवटी अरबीत स्त्रीलिंगी ‘ता’ आहे, म्हणून हजरत उमर (र.) यांच्याबद्दल कुणी काही निष्कर्ष काढत नाही. आत्म्याचेच घ्या : ग्रीकमध्ये नपुंसक, उर्दूत ‘रूह’ स्त्रीलिंगी, मराठीत ‘आत्मा’ पुल्लिंगी. मी सकाळी उर्दूच्या तासाला आणि दुपारी मराठीच्या तासाला शिकवतो म्हणून रूहचे लिंग जेवणाच्या सुट्टीत बदलत नाही.

ही पद्धत आपल्याला महाग का पडते ते सांगतो. पु. ना. ओक यांनी ‘ताजमहाल’चे ‘तेजोमहालय’ केले. पद्धत काय होती? ध्वनी सारखा, हवा तो अर्थ, आणि ‘मूळ नाव दडवले’ असा आरोप. त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली, पण शब्द अजून फिरतोय आणि त्याचा त्रास कुणाला होतो हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा आपण म्हणतो : शिलालेख दाखवा, दस्तऐवज दाखवा. बरोबर म्हणतो. त्याच वर्षी जर्मनीत लुक्सेनबर्ग या टोपणनावाने एक पुस्तक आले. कुरआनातल्या शब्दांचे नुक्ते आणि स्वर बदलून, सिरियाकचा आधार घेऊन, त्याने हूरांची पांढरी द्राक्षे केली. आपण म्हणालो : तोंडी परंपरा आहे, हस्तलिखिते आहेत, तुझ्या मनातल्या नुक्त्यांना कोण विचारतो? हेही बरोबर. मग योहानाच्या ग्रंथाबाबत आपण स्वतः काय करतो आहोत? कुणाशी वैर असले तरी न्याय सोडू नका, हा सूरह माइदामधला हुकूम फक्त दुसऱ्यांनी पाळायचा आहे का?

एक गंभीर आक्षेप राहतो, आणि तो घेणाऱ्यांना मी टाळणार नाही. सूरह आराफमध्ये (७:१५७) म्हटले आहे की उम्मी प्रेषितांचा उल्लेख त्यांना तौरात आणि इंजीलमध्ये लिहिलेला आढळतो. मग ‘पेरिक्लुतोस’ सोडला तर हाती काय उरले? पहिले उत्तर, या आयतीत किंवा सूरह सफच्या त्या आयतीत हा उल्लेख योहानाच्या एका ग्रीक विशेषणात आहे असे कुठेही म्हटलेले नाही. येशू (अ.) त्यांच्या लोकांशी अरामी बोलत होते, ग्रीक हा तर्जुमाच. हरवलेल्या अरामी शब्दाच्या जागी एक न सापडलेला ग्रीक शब्द ठेवणे म्हणजे अंदाजावर अंदाज. ईमानाचा पाया त्यावर कशाला?

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. आपल्या सर्वांत जुन्या सीरत-लेखकांपैकी एक असलेल्या इब्न इसहाक यांनी (मृत्यू इ.स. ७६७ च्या सुमारास), योहानाचा हाच भाग घेतला आहे. ते सिरियाक शब्द देतात, ‘मुनहमन्ना’, आणि रूमी भाषेत ‘बरकलीतस’ असल्याचे सांगतात, आणि ही प्रेषितांची (स.) खूण आहे म्हणतात. तो सिरियाक शब्द न-ह-म या धातूतला, सांत्वन करणारा. ह-म-दशी त्याचा संबंध नाही, कानाला कितीही जवळचा वाटो. पण इब्न इसहाक यांनी अक्षरे फिरवल्याचा आरोप या शब्दाबाबत केलेला नाही. जो शब्द समोर होता तो घेतला आणि त्यात सांगितलेला कोण, यावर आपले मत दिले.

तो वाद आजही करता येतो, आणि तो प्रामाणिक वाद आहे. १४:१६ मध्ये ‘दुसरा’ कैवारी म्हटले आहे, पहिला कोण, तर पत्राप्रमाणे स्वतः येशू (अ.). म्हणजे हा शब्द माणसांत वावरलेल्या एका प्रेषिताला लागू शकतो. मी गेल्याशिवाय तो येणार नाही, असे १६:७ मध्ये आहे. ही आपल्या बाजूची वजनदार वाक्ये आहेत. समोरचा १४:१७ आणि १४:२६ काढेल : तो तुमच्यात राहील, जग त्याला पाहत नाही, आणि तो पवित्र आत्मा आहे असे सरळ नावच घेतले आहे. तीही वजनदार आहेत, आणि त्यांना उत्तर द्यावे लागेल. त्यासाठी योहानाचे १४, १५ आणि १६ हे तीन अध्याय वाचावे लागतात. मराठीत ते तासाभरात वाचून होतात.